निकाल वाचूया, निकालावर लिहूया

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचा मजकूर)

या सत्रासाठी मला विषय दिला आहे, 'कायद्याविषयीचं लिखाण आणि आपण'. विषय ऐकून काहीजणींच्या कपाळावर आठ्या आल्या, त्या मी पाहिल्या. आपल्याला कायदा समजून घ्यायचा असतो, कायद्याचा वापर करायचा असतो, पण कायद्यावर लिहायचं ते वकिलांनी, प्राध्यापकांनी, निवृत्त न्यायाधीशांनी, असं आपण धरूनच चालतो. वकील मंडळीही तसंच धरून चालतात. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, सल्ला केंद्रात काम करते. माझ्याकडे सनद नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की न्यायालयाच्या निकालांवर आपण लिहिलं पाहिजे. निकाल लागला की तो तिथेच संपत नाही. तो छापला जातो, वकील तो पुढच्या खटल्यात दाखवतात, न्यायाधीश त्याचा आधार घेतात. या प्रवासात त्या निकालाबद्दल बाहेर कोण काय म्हणतं, याने फरक पडतो. हे मी तुम्हाला आपल्याच इतिहासातून दाखवणार आहे.

सुरुवात शंभरावर वर्षं मागे जाऊन करू. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर आग पाखडली गेली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. ते १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. ताराबाईंनी विचारलेला प्रश्न साधा होता. विधवेला पुनर्विवाहाची बंदी कोणी घातली, तिला त्या अवस्थेला कोणी आणलं, आणि शिक्षा मात्र एकटीलाच का? न्यायालयाने न विचारलेला प्रश्न एका बाईने पुस्तकात विचारला.

त्यानंतर तीनच वर्षांनी रखमाबाईंचा खटला आला. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याने तिने नांदायला यावं म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला होता. दावा चालू असतानाच १८८५ साली रखमाबाईंनी 'अ हिंदू लेडी' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि वैधव्य यांवर पत्रं लिहिली. त्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. १८८७ साली तिला सांगितलं गेलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन म्हणाली ती. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. या खटल्यावर मुंबई-पुण्यात, इंग्लंडमध्येही रकानेच्या रकाने भरले. त्या चर्चेचा संमतीवयाच्या कायद्याला, म्हणजे १८९१ च्या कायद्याला, हातभार लागला. पक्षकार बाईने स्वतः लिहिलं, हे त्यातलं विशेष.

आता आपल्या काळातल्या प्रकरणाकडे येते. वडसा-देसाईगंजचं हे प्रकरण. गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. कायद्याच्या पुस्तकांत ते 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने सापडतं, म्हणजे पोलिसाच्या नावाने. चळवळीत ते त्या मुलीच्या नावाने ओळखलं जातं. ते नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी ते घेत नाही, कारण पीडित स्त्रीची ओळख जाहीर करायची नाही हा नियम याच प्रकरणानंतर आला.

२६ मार्च १९७२ च्या रात्री १४ ते १६ वर्षांची एक आदिवासी, आईबाप नसलेली मुलगी भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी पोलीस ठाण्यात आली होती. जबाब झाले. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. तिथेच एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने अंगाला हात लावला, असा खटला उभा राहिला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. मुलगी खोटारडी आणि शरीरसंबंधाला सरावलेली, असं ठरवलं. १९७६ साली नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून दोघांना शिक्षा दिली. उच्च न्यायालय म्हणालं की भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. पण १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे जे झालं ते तिच्या मर्जीने, असा एकंदर तर्क.

हा निकाल कायद्याच्या अहवालांत छापला गेला. वर्षभर त्यावर मोठा आवाज उठला नाही. मग १६ सप्टेंबर १९७९ रोजी, म्हणजे एक वर्ष आणि एक दिवसानंतर, कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. हे पत्र वर्तमानपत्रांत आलं, संघटनांपर्यंत पोचलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला. त्या वर्षीच्या ८ मार्चला शहराशहरांत बायका खटला पुन्हा उघडा म्हणून रस्त्यावर आल्या. आपल्यातल्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांना ते दिवस आठवत असतील.

मोर्च्यांचा इतिहास आपण नेहमी सांगतो. आज मला पत्राबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्याला त्यातून शिकायचं आहे. त्या पत्रात संताप भरपूर आहे, पण प्रत्येक वाक्याला निकालपत्राचा आधार आहे. त्यांनी चार गोष्टी केल्या.

एक, त्यांनी निकाल संपूर्ण वाचला आणि घटना निकालपत्रातूनच मांडल्या. बाहेरची ऐकीव माहिती घातली नाही. त्यामुळे 'तुम्हाला पुरावा माहीत नाही' असं म्हणायची सोय उरली नाही.

दोन, त्यांनी तर्कातला नेमका सांधा धरला. संमती आणि शरण जाणं यांत फरक आहे, तो उच्च न्यायालयाने ओळखला होता, सर्वोच्च न्यायालयाने पुसून टाकला. अख्ख्या निकालाला शिव्या न देता त्यांनी त्या एका सांध्यावर बोट ठेवलं.

तीन, निकालात जे नाही ते त्यांनी दाखवलं. एवढ्या रात्री मुलीला ठाण्यात ठेवून घेणं मुळात बेकायदा होतं. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावू नये, हे कायद्यात होतं आणि त्याच न्यायालयाने १९७८ सालीच नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात ठणकावून सांगितलं होतं. एका राजकारणी बाईच्या बाबतीत जे न्यायालयाला दिसलं ते एका आदिवासी मजूर मुलीच्या बाबतीत का दिसलं नाही? मैत्रिणींनो, वर्ग आणि जात निकालात कशी उतरते हे यापेक्षा नेमकं कसं दाखवणार?

चार, त्यांनी मागणी केली. निकालाचा फेरविचार व्हावा, असं स्पष्ट लिहिलं. हळहळ व्यक्त करून थांबले नाहीत.

याचा परिणाम काय झाला? तो निकाल बदलला नाही, हे आधी सांगते. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. पण कायद्याच्या जगाला त्या पत्राकडे पाठ फिरवता आली नाही. १९८० साली विधी आयोगाने बलात्काराच्या कायद्यावर चौऱ्याऐंशीवा अहवाल दिला. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, जास्त शिक्षा आली. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरून चालायचं, हे पुरावा कायद्यात आलं. सुनावणी बंद दाराआड घेण्याची आणि नाव न छापण्याची तरतूद आली. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारं पुरावा कायद्यातलं कलम मात्र २००३ पर्यंत टिकलं. आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही, हे कायद्याच्या पुस्तकात यायला २०१३ साल उजाडलं. १९७९ ते २०१३. पत्रातला मुद्दा कायद्यात उतरायला चौतीस वर्षं लागली. आता भारतीय न्याय संहितेतही ते वाक्य आहे.

ही चौतीस वर्षं तो मुद्दा जिवंत कोणी ठेवला? विद्यापीठांच्या वर्गांत ते पत्र शिकवलं गेलं. तरुण वकिलांनी ते वाचलं. त्यातल्या काही पुढे न्यायाधीश झाल्या असतील. आणि आपल्यासारख्या मासिकांनी, त्रैमासिकांनी, पथनाट्यांनी, पत्रकांनी तो पुन्हा पुन्हा मांडला.

लिखाण म्हणजे फक्त न्यायालयावर टीका असं मात्र समजू नका. आपल्या स्वतःच्या मागण्यांवरही लिहावं लागतं. फ्लेविया अॅग्नेस यांचं उदाहरण घ्या. घरातली मारहाण सोसून त्या बाहेर पडल्या, चळवळीत आल्या, मग वकील झाल्या. १९९२ साली त्यांनी ऐंशीच्या दशकातल्या स्त्रीविषयक कायद्यांचा आढावा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त घेतला. प्रत्येक मोहिमेनंतर सरकारने एक कायदा केला, शिक्षा वाढवली, पण बाईच्या पदरात काय पडलं, असा प्रश्न त्यांनी आपल्यालाच विचारला. तेव्हा तो बोचला. पण कायद्याची शब्दरचना, पोलिसांचा व्यवहार आणि न्यायालयाची वागणूक ही वेगवेगळी तपासली पाहिजे, हे त्या लिखाणामुळे आपल्याला कळलं.

अलीकडचं बोलायचं तर १९ जानेवारी २०२१ चा नागपूर खंडपीठाचा निकाल आठवा. कपड्यावरून केलेला स्पर्श म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यातला 'लैंगिक हल्ला' नव्हे, त्वचेला त्वचा लागली पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. या वेळी वर्ष जावं लागलं नाही. निकाल वाचला गेला, त्यावर देशभर लिहिलं गेलं, आणि आठ-दहा दिवसांत देशाच्या महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात तो मांडून त्याला स्थगिती मिळवली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द झाला. त्याच वर्षी १८ मार्चला आणखी एक निकाल आला. मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला, तक्रारदार बाईकडून राखी बांधून घे, अशी अट घालून जामीन दिला होता. नऊ महिला वकिलांनी त्याविरुद्ध याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि निकालपत्रात बाईविषयीचे कोणते साचेबंद समज येता कामा नयेत, याच्या सूचना खालच्या न्यायालयांना दिल्या. म्हणजे निकालाची भाषा हासुद्धा आक्षेपाचा विषय आहे, हे न्यायालयाने मान्य केलं.

आता माझा खरा मुद्दा. ही सगळी उदाहरणं वरच्या न्यायालयांची आहेत. आपल्याकडे येणाऱ्या बाईचा खटला मात्र तालुक्याच्या कोर्टात असतो. तिथल्या आदेशावर कोण लिहितं? कोणीच नाही. तो आदेश कुठल्या अहवालात छापून येत नाही. वकिलाने पिशवीत टाकला की संपलं.

पोटगीचंच घ्या. ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनीश विरुद्ध नेहा' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही पक्षांनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं. आता हिशोब करा. समजा बाईला महिना ३,००० रुपये मंजूर झाले आणि अर्जापासून आदेशापर्यंत २२ महिने गेले. अर्जाच्या तारखेपासून धरलं तर तिचे ६६,००० रुपये होतात. आदेशाच्या तारखेपासून धरलं तर शून्य. एका ओळीचा फरक. त्या ६६,००० मध्ये मुलांची फी आहे, खोलीचं भाडं आहे, भावाकडून घेतलेले उसने आहेत. आणि या काळात नवऱ्याला तारखा लांबवायचा मोह का होतो, तेही त्याच ओळीत आहे.

आमच्या सल्ला केंद्रात आम्ही एक साधी वही ठेवायला लागलो. अर्जाची तारीख, समन्स कधी निघालं, बेलिफाने ते कधी बजावलं, उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आलं का, अंतरिम आदेश कधी झाला, पोटगी कोणत्या तारखेपासून दिली. कोणाचंही नाव नाही, फक्त क्रमांक. वहीवरून दर काही महिन्यांनी दोन पानी मराठी टिपण काढायचं, त्यात सर्वोच्च न्यायालय काय म्हणतं आणि इथे काय होतं, हे शेजारी शेजारी लिहायचं. ते बायकांना वाचून दाखवायचं, आणि एक प्रत वकील मंडळी बसतात त्या खोलीत ठेवायची. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "ताई, कोर्ट असं बाहेरून चालत नसतं." मी म्हटलं, "खरं आहे साहेब, चालवायचं तुम्हीच. आम्ही फक्त लिहून ठेवतोय." थोड्या दिवसांनी त्यांच्याच हाताखालची एक नवखी वकील मुलगी आमच्याकडे टिपणाची प्रत मागायला आली. अर्जात तो निकाल नमूद करायचा होता तिला. कायद्याच्या व्यवसायातही शिकणारी, एकटी पडलेली, वरिष्ठांना विचारायला बिचकणारी माणसं असतात. आपलं लिखाण त्यांच्या उपयोगी पडतं, आणि त्यांच्यातर्फे न्यायाधीशांच्या टेबलावर पोचतं.

हे मराठीत व्हायला हवं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरं उपलब्ध होऊ लागली आहेत, पण ती भाषा बाईपर्यंत पोचेल अशी नसते. ते काम आपलंच आहे. 'प्रतिवादी' म्हणजे नवरा आणि 'अंतरिम' म्हणजे खटला संपेपर्यंतचं, हे सांगणारं कोणीतरी लागतं.

लिहिताना काही पथ्यं पाळायची आहेत, ती नीट लिहून घ्या.

न्यायालयाचा अवमान होईल का, ही पहिली भीती. १९७१ च्या अवमान कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, निकाल लागून संपलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली न्याय्य टीका अवमान ठरत नाही. निकालावर लिहा. न्यायाधीशाचा हेतू, त्याची जात, त्याचं घर यावर लिहू नका. चालू खटल्यावर लिहिताना जास्त जपा.

दुसरं, ओळख. लैंगिक अत्याचारातल्या बाईचं नाव किंवा तिची ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे. पूर्वीच्या दंड संहितेतलं २२८ अ हे कलम आता न्याय संहितेत ७२ वं आहे. नाव बदललं पण गाव, शाळा, नवऱ्याचा धंदा सगळं लिहिलं, तर ओळख पटतेच. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणातही हाच नियम आपण आपल्यावर घालून घ्यावा.

तिसरं, कागद. आदेशाची प्रत हातात असल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. घरगुती हिंसाचार कायद्याच्या चोविसाव्या कलमाप्रमाणे आदेशाची प्रत मॅजिस्ट्रेटने पक्षकारांना मोफत द्यायची असते. ती मागा. रोजनामा वाचायला शिका. तारीख कोणामुळे पडली, हे त्यात लिहिलेलं असतं.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या बाईची परवानगी. देसाईगंजच्या त्या मुलीच्या नावाने देशाचा कायदा बदलला. तिच्या स्वतःच्या आयुष्यात आपल्या लिखाणाने काय बदललं, हा प्रश्न आपल्या चळवळीने स्वतःला विचारत राहिलं पाहिजे. ज्या बाईचा आदेश आपण वाचणार, तिला आधी तो समजावून सांगायचा, मग विचारायचं, लिहू का? ती नाही म्हणाली तर वही मिटायची.

तर आज जाताना प्रत्येक संघटनेने एक काम घेऊन जायचं आहे. आपल्या तालुक्याच्या कोर्टातले, गेल्या वर्षभरात आपल्याकडच्या बायकांना मिळालेले पोटगीचे आदेश गोळा करा. पाच मिळाले तरी चालतील. त्यात एकच गोष्ट बघा, पोटगी कोणत्या तारखेपासून दिली आहे. आदेशाच्या तारखेपासून असेल तर कारण लिहिलं आहे का? जिथे अपिलाची मुदत उरली आहे तिथे वकिलांना ताबडतोब दाखवा. बाकीचं दोन पानांत लिहा आणि या त्रैमासिकाकडे पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, तारखांची करा. पुढच्या अंकात आपण ते सगळे एकत्र छापू, आणि तो अंक प्रत्येक जिल्ह्याच्या वकील संघाला नेऊन देऊ.